संज्ञा पाठ, संकल्पना गहाळ

नोकरीनिमित्त परप्रांती राहणारी मराठी माणसे एकत्र जमली, की हवापाणी, महागाई भत्ता आणि बदल्या हे तीन विषय संपल्यावर चौथा विषय मुलांच्या शिक्षणाचा निघतो. आणि तो निघाला म्हणजे तक्रारीचा सूरही ठरलेलाच असतो. दर तीन वर्षांनी गाव बदलते, गावाबरोबर शाळा बदलते, शाळेबरोबर शिक्षक आणि सवंगडी बदलतात. मुलांचे फार नुकसान होते. या तक्रारीवरचा उताराही तेथल्या तेथे कोणीतरी सांगतो : ‘अहो, पुस्तक तर तेच असते ना! जम्मूला काय आणि कोचीला काय, सातवीचे विज्ञान एकच. माध्यम इंग्रजी, परीक्षा एक, गुण नव्वदाच्या वर. मग नुकसान कसले?’ ऐकणारे माना डोलावतात, चहा येतो आणि विषय संपतो.

माझा वाद तक्रारीशी नाही, या समाधानाशी आहे. पुस्तक सर्वत्र एक आहे, म्हणून त्यातून मुलाच्या मनात उतरणारा अर्थही एकच आहे, आणि गुण मिळाले म्हणजे तो अर्थ उतरला आहे, अशी ही समजूत आहे. ती सोयीची आहे, म्हणूनच ती इतकी लोकप्रिय आहे. परंतु ती खरी नाही. आणि तिची किंमत आपण नव्हे, आपली मुले मोजीत आहेत.

प्रथम ज्याचे श्रेय त्याला द्यावे. बदलीच्या नोकरीतील माणसाच्या मुलांचे हाल सरकारला दिसले नाहीत असे नाही. दुसऱ्या वेतन आयोगाच्या शिफारशीवरून १९६२ च्या नोव्हेंबरात केंद्रीय शाळांची योजना मंजूर झाली आणि १९६३ मध्ये लष्करी ठाण्यांच्या गावांतील २० शाळांनिशी ती सुरू झाली. आज केंद्रीय विद्यालयांची संख्या १,२०० हून अधिक आहे. वर्षाच्या मध्यावर बदली झाली तरी मुलाला प्रवेश मिळावा आणि सुटलेला धडा नव्या गावी तेथूनच पुढे सुरू व्हावा, ही सोय लहान नव्हे. परंतु सोय ही सोय असते. धडा जेथे सुटला तेथून पुढे सुरू होतो. समज जेथे सुटली तेथून पुढे सुरू होते असे कोणत्याही परिपत्रकाने घडवून आणता येत नाही.

येथे दोन शब्दांची फारकत करणे अवश्य आहे. संज्ञा निराळी आणि संकल्पना निराळी. आपल्या वाचकांपैकी बहुतेकांचे आयुष्य फायलींत गेले आहे, तेव्हा त्यांच्याच व्यवहारातील दृष्टांत द्यायचा तर असे म्हणता येईल, की संज्ञा म्हणजे फायलीच्या वेष्टनावर लिहिलेले नाव आणि संकल्पना म्हणजे आतले कागद. वेष्टन स्वच्छ, नाव सुवाच्य, क्रमांक बरोबर, आणि उघडून पाहावे तो आतले मूळ कागदच गहाळ, असा प्रसंग कोणत्या कचेरीत आला नाही? मुलांच्या बाबतीत आपण नेमके हेच करीत आहो. वेष्टन पाहून सही करीत आहो.

उदाहरण घेऊ. दिल्लीत जानेवारीत हाडे गोठविणारी थंडी पडते आणि जूनमध्ये अंगाची लाही होते. असे का होते, हे सातवी-आठवीतल्या हुशार मुलास विचारावे. पुस्तकात त्याने पृथ्वीचा कललेला अक्ष वाचला आहे, आकृती काढून नावे दिली आहेत, गुणही घेतले आहेत. तरीही पुस्तक मिटून सहज विचारले, की पुष्कळ मुले म्हणतात, ‘उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते.’ वस्तुस्थिती अगदी उलट आहे. पृथ्वी सूर्याला सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर; आणि सर्वांत दूर असते ती जुलैच्या पहिल्या आठवड्यात, सुमारे १५.२ कोटी किलोमीटरवर. म्हणजे दिल्लीकर रजईत शिरतो तेव्हा सूर्य सर्वांत जवळ असतो! त्याच जानेवारीत ऑस्ट्रेलियात उन्हाळा असतो, ही गोष्ट क्रिकेटच्या नादाने प्रत्येक मुलाला ठाऊक असते. परंतु ‘जवळ असण्याने उन्हाळा होत असेल, तर तो साऱ्या पृथ्वीवर एकाच वेळी व्हायला हवा’ हे दोन वाक्यांचे अनुमान त्याने कधी केलेले नसते. कारण ते करावयास त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

हा दोष केवळ आपल्या मुलांचा किंवा आपल्या शाळांचा आहे असेही कोणी समजू नये. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या पदवीदान समारंभाच्या दिवशी विद्यार्थी, माजी विद्यार्थी आणि अध्यापक अशा २३ जणांना ऋतू आणि चंद्राच्या कला यांविषयी असेच साधे प्रश्न विचारण्यात आले. त्यांतील २१ जणांच्या कल्पना चुकीच्या निघाल्या. १९८७ मध्ये त्यावर निघालेला चित्रपट शिक्षणशास्त्राच्या वर्गांत अजून दाखविला जातो. उत्तम विद्यापीठ, उत्तम ग्रंथालय, उत्तम गुण. आणि बालपणी मनात बसलेली ‘जवळ म्हणजे गरम’ ही चुलीवरून घेतलेली कल्पना जागची हललेली नाही.

यावरून जे निष्पन्न होते ते महत्त्वाचे आहे. मूल शाळेत येते ते कोरी पाटी घेऊन नव्हे. चूल, पाऊस, चेंडू, झाड, तराजू यांच्याविषयी त्याने स्वतःच्या अनुभवावरून काही समजुती आधीच बांधलेल्या असतात. आणि त्या बऱ्याच अंशी शहाणपणाच्याही असतात. शाळा त्या समजुतींना विचारीत नाही, हटकीत नाही; त्यांच्यावर नवा शब्द अंथरते आणि पुढे जाते. वरचा शब्द परीक्षेच्या कामी येतो, खालची समजूत आयुष्याच्या कामी येते, आणि दोघींची एकमेकींशी कधी गाठ पडत नाही. रशियन मानसशास्त्रज्ञ विगॉत्स्की याने १९३४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या दोन प्रकारच्या संकल्पनांचा, म्हणजे व्यवहारातून उगवणाऱ्या आणि शाळेतून उतरणाऱ्या संकल्पनांचा, विचार केला आहे. एकीची वाट खालून वर जाते, दुसरीची वरून खाली येते, आणि दोन्ही एकमेकींना भेटल्या म्हणजेच ज्ञान होते, असा त्याच्या विवेचनाचा मथितार्थ आहे. आपल्या बदलीच्या मुलांच्या बाबतीत ही भेटच होत नाही.

गणिताचे पाहा. बाजारातून पाव किलो भेंडी आणि अर्धा किलो टोमॅटो आणणाऱ्या मुलाला पावापेक्षा अर्धा अधिक, हे शिकवावे लागत नाही. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच ही अपूर्णांकांची श्रीमंती त्याच्या घरातल्या भाषेत पिढ्यान् पिढ्या नांदत आली आहे. तेच मूल वहीत एक-द्वितीयांश आणि एक-चतुर्थांश यांतील मोठा कोणता या प्रश्नापाशी आले, की दोनापेक्षा चार मोठे म्हणून एक-चतुर्थांशाभोवती बेधडक गोल करते! कारण वहीतल्या त्या चिन्हाचा आणि पिशवीतल्या त्या भेंडीचा काही संबंध आहे, हे त्याला कोणी सांगितले नाही. शाळेत तो आकडा इंग्रजीत वाचला जातो, घरी ती भेंडी मराठीत येते. आणि दोहोंच्या मध्ये पूल बांधणे हे कोणाच्याच कामाच्या यादीत नाही. हीच गत दशांशाची. ०.१२५ हे ०.५ पेक्षा मोठे, कारण त्यात आकडे अधिक, असे म्हणणारी मुले थोडी नाहीत. त्यांत भर म्हणून क्रिकेटच्या फलकावर १२.५ षटके म्हणजे साडेबारा नव्हे, तर बारा षटके आणि पाच चेंडू. तेथला ठिपका दशांशाचा ठिपका नव्हे, ही गंमत कोणी मुलाशी बोलून पाहिली आहे काय? एका संध्याकाळच्या अशा गप्पांत मुलाला स्थानिक किंमतीची जी जाण येईल, ती दहा पाने उदाहरणे सोडवूनही यावयाची नाही.

येथे आपल्यांतील जुन्या पिढीचे लोक म्हणतील, ‘हे आमच्या वेळी नव्हते. आम्ही पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी घोकली. हिशेबात आम्हांला कोणी फसवून दाखवावे!’ त्यांचा अभिमान खरा आहे, पण त्याचे निदान चुकीचे आहे. त्यांचे अपूर्णांक पक्के झाले ते केवळ घोकण्याने नव्हे. जी पावकी ओठांवर होती, तोच पावशेर दुकानच्या तराजूत आणि तोच पाव आणा मुठीत होता. पाठांतराला व्यवहाराची रोजची साक्ष होती. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, त्यापाठोपाठ मेट्रिक वजने आली, आणि ती जुनी साक्ष संपली. ते योग्यच झाले; त्याबद्दल अश्रू ढाळण्याचे कारण नाही. परंतु साक्ष गेल्यावर नुसते पाठांतर पुन्हा आणून बसविले, तर ते पोपटाचे होईल. हवी आहे ती नवी साक्ष. आणि ती शोधण्यास फार दूर जावयाचे नाही; पाव किलो अजून पाव किलोच आहे. किंबहुना परप्रांती राहणाऱ्या मुलास तर ती साक्ष दुहेरी मिळते. हिंदी मुलखात त्याला पाव, डेढ आणि ढाई भेटतात. चेन्नईच्या मंडईत काल, अरै, मुक्काल म्हणजे पाव, अर्धा आणि पाऊण भेटतात. मुक्काल हा शब्द तीन आणि पाव यांच्या जोडणीतून झाला आहे, एवढे मुलाच्या ध्यानी आणून दिले, तरी तीन-चतुर्थांश म्हणजे एक-चतुर्थांश तीनदा, हे तो जन्मात विसरणार नाही. बदलीच्या नोकरीने आपल्या मुलांच्या पदरात टाकलेले हे धन आपण उचलीत नाही आणि नुकसानीची तक्रार मात्र करतो!

आता दुसऱ्या पक्षाकडे वळतो, कारण या मासिकाच्या वाचकांत तो प्रबळ आहे. हा पक्ष म्हणतो, की सारा दोष इंग्रजी माध्यमाचा आहे. मुलाला मराठी परिभाषा द्या, की विषय आपोआप समजेल. मातृभाषेतील शिक्षणाच्या बाजूने जे बोलले जाते त्यात तथ्य आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शक्य असेल तेथे निदान पाचवीपर्यंत घरची भाषा हे माध्यम असावे असे म्हटले आहे. परंतु ‘प्रकाशसंश्लेषण’ हा शब्द त्याच्या इंग्रजी प्रतिशब्दाहून अधिक समजतो, असे कोणी शपथेवर सांगावे! तोही पाठच करावा लागतो, आणि पाठ झाल्यावर तोही तितकाच पोकळ राहू शकतो. वनस्पती आपले अन्न स्वतः तयार करतात, हे वाक्य मराठीत लिहिणारे मूलदेखील समोरच्या आंब्याचे एवढे लाकूड आले कोठून, असे विचारताच ‘मातीतून’ असे उत्तर देते. एवढे मण लाकूड मातीतून आले, तर झाडाखाली खड्डा का पडला नाही, हा प्रश्न त्याला सुचत नाही. सतराव्या शतकात व्हॅन हेल्मॉन्ट या ब्रुसेल्सच्या गृहस्थाला तो सुचला. त्याने २०० पौंड कोरडी माती तोलून कुंडीत भरली, तीत ५ पौंडांचे वाळुंजाचे रोप लावले आणि पाच वर्षे त्यास केवळ पाणी घातले. पाच वर्षांनी झाड भरले सुमारे १६९ पौंड, आणि माती घटली होती अवघी दोन औंस. त्याने सारे वजन पाण्याच्या खाती जमा केले आणि तेथे तो चुकला. हवेचा वाटा पुढे दीडशे वर्षांत इतरांनी उलगडला. परंतु वजन मातीचे नव्हे, हे त्याने तराजूने सिद्ध केले. त्याचा हा वृत्तांत १६४८ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, छापला गेला. तेव्हा ‘प्रकाशसंश्लेषण’ हा शब्द कोणत्याच भाषेत नव्हता. संज्ञा नव्हती, पण संकल्पनेची वाट सापडली होती. आपल्या मुलांजवळ संज्ञा आहे आणि वाट नाही.

परिभाषेच्या अभिमानात समजेचा प्रश्न कसा वाहून जातो, याचे ताजे उदाहरण २०१९ चे आहे. बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘तेवीस’ या नावाबरोबर ‘वीस तीन’ अशी वाचण्याची रीत देण्यात आली. हेतू सरळ होता. तेवीस म्हणताना तीन आधी ऐकू येतात आणि लिहिताना दोन आधी येतात, त्यामुळे लहान मुले २३ च्या जागी ३२ लिहितात. दशक आधी उच्चारला तर हा घोटाळा टळेल, अशी गणित समितीच्या अध्यक्षा दिवंगत मंगला नारळीकर यांची भूमिका होती. त्यावर महाराष्ट्रात केवढा गदारोळ उठला! भाषा बुडाली, संस्कृती बुडाली, असे लेख आले. विधिमंडळातही तो थट्टेचा विषय झाला. ही सुधारणा योग्य की अयोग्य, यावर मतभेद होऊ शकतो. जोडाक्षरांची जुनी नावे मुलांनी सोडू नयेत असे मलाही वाटते. ‘एकोणतीस’ या नावात एकाने उणे तीस ही वजाबाकीच दडलेली आहे, ती का घालवावी? परंतु त्या साऱ्या गदारोळात सात वर्षांच्या मुलाला दोन दशक आणि तीन एकक म्हणजे काय ते उमगते की नाही, हा मूळ प्रश्न किती जणांनी विचारला? नावाचे भांडण झाले. नावाखालच्या कागदांचे कोणी नावही काढले नाही. तमिळ शाळेत किंवा इंग्रजी वर्गात दशक आधी आणि घरी एकक आधी, अशा दोन रीती रोज ऐकणाऱ्या आपल्या परप्रांतीय मुलाला तर हा प्रश्न जिवंत भेडसावतो. महाराष्ट्रातील वादात त्याची दखल घेण्याचे कोणास कारण नव्हते. पण आपल्याला तरी होते की नाही?

मग मराठीचा या साऱ्यांत काही उपयोगच नाही काय? आहे, आणि तो फार मोठा आहे. परंतु तो आपण समजतो तेथे नाही. माझ्या मते संकल्पनेचा पाया नामांत नसून अव्ययांत आहे. कारण, म्हणून, जर-तर, जरी-तरी, परंतु, म्हणजे : ही इवलीशी उभयान्वयी अव्यये हीच विचाराची बिजागरे होत. ‘जवळ असल्याने उन्हाळा होत असेल, तर ऑस्ट्रेलियातही तेव्हाच व्हायला हवा, पण तेथे तर हिवाळा असतो, म्हणून कारण दुसरे असले पाहिजे.’ या विधानात पारिभाषिक शब्द एकही नाही. सारे काम जर, तर, पण आणि म्हणून यांनी केले आहे. नामे उसनी घेता येतात. ऑक्सिजन म्हणा की प्राणवायू म्हणा, अर्थाला धक्का लागत नाही. परंतु ही बिजागरे उसनी घेऊन भागत नाही. ज्या भाषेत मूल भांडते, हट्ट धरते, समर्थन करते, खोटे बोलून सापडते आणि सारवासारव करते, त्याच भाषेत ती घट्ट बसलेली असतात. कोणाच्या मुलाची ती भाषा एव्हाना हिंदी किंवा बंगाली झाली असेल, तर त्याने त्या भाषेत विचारावे. माझी हरकत नाही. पण विचारणाऱ्या आईबापांची स्वतःची तशी भाषा बहुधा मराठीच असते, आणि उसन्या भाषेत खोल प्रश्न विचारणे मोठ्यांनाही साधत नाही.

आणि आपल्या घरातल्या मराठीची आज काय अवस्था आहे? ‘जेवायला ये’, ‘आंघोळ उरक’, ‘अभ्यास झाला का?’ अशी ती आज्ञार्थापुरती उरली आहे. मंडळात गणेशोत्सव होतो, संक्रांतीला तिळगूळ वाटला जातो, कोजागरीला दूध आटते, वर्षातून एक नाटक बसते. त्या सर्वांसाठी मराठी आहे. थंडी का पडते, झाडाचे वजन कोठून येते, कर कशासाठी द्यायचा, यांसाठी मात्र ती नाही. त्या विषयांना शिकवणीचे मास्तर आणि इंग्रजी मार्गदर्शके. मराठीचा असा सणासुदीचा शालू करून ठेवावयाचा, आणि मग ती मुलांच्या अंगी लागत नाही म्हणून हळहळावयाचे, हा कोणता न्याय?

हे केवळ विज्ञान-गणितापुरते नाही. इतिहासाचे एक उदाहरण देतो, ते कोलकात्यास किंवा कटकास राहिलेल्या वाचकांना विशेष पटेल. घरी मूल मराठ्यांच्या पराक्रमाच्या गोष्टी ऐकते. शेजारच्या बंगाली घरात त्याच वयाचे मूल ज्या अंगाईने झोपते तीत बर्गी येतो आणि लोक भयभीत होतात. बर्गी म्हणजे आपला बारगीर; १७४२ पासून पुढे जवळजवळ एक दशक नागपूरकर भोसल्यांच्या फौजांनी बंगालवर ज्या स्वाऱ्या केल्या त्यांची ती आठवण. १७५१ मध्ये अलीवर्दीखानाशी तह होऊन वर्षाला बारा लाख रुपये चौथाईपोटी ठरले. परीक्षेत ‘चौथाई म्हणजे महसुलाचा चौथा हिस्सा’ एवढे लिहिले की गुण मिळतात. परंतु तो हिस्सा कोण देत होता, कोणाच्या शेतातून तो निघत होता, त्याच घटनेला एका प्रांतात पराक्रम आणि दुसऱ्या प्रांतात दहशत असे नाव का पडते, आणि मग साधने वाचताना ती कोणी, कोठे बसून लिहिली हे का पाहावे लागते, ही इतिहास या विषयाची खरी संकल्पना आहे. पुण्यात राहणाऱ्या मुलास ती पुस्तकातून कष्टाने शिकावी लागेल. कोलकात्यातील मराठी मुलाच्या ती दाराशी उभी आहे. आपण दार लावून घेतो, कारण पाहुणी अडचणीची आहे. मुलाने ‘बाबा, मग आपले लोक वाईट होते का?’ असे विचारले तर काय सांगावयाचे, ही आपली भीती! सांगावयाचे असे, की प्रश्न उत्तम आहे, चल दोघे मिळून शोधू. अभिमान याने कमी होत नाही. तो डोळस होतो.

शेवटचा आक्षेप राहिला : ‘हे शाळेचे काम आहे, आम्ही शुल्क भरतो.’ होय, ते शाळेचे काम आहे, आणि शाळांनी ते करावे यासाठी या देशात झटलेली माणसेही आहेत. मध्य प्रदेशात नोकरी केलेल्यांना होशंगाबादचे, म्हणजे आजच्या नर्मदापुरमचे, नाव परिचित असेल. तेथे १९७२ मध्ये १६ माध्यमिक शाळांत प्रयोगांतून विज्ञान शिकविण्याचा उपक्रम सुरू झाला. मुले बिया रुजवीत, पाने गोळा करीत, स्वतः नोंदी घेत; आणि परीक्षेला पुस्तक जवळ ठेवण्याची मुभा होती, कारण परीक्षा स्मरणाची नव्हती. तीस वर्षे चालून २००२ मध्ये सरकारी निर्णयाने तो उपक्रम बंद करण्यात आला. १९९३ मध्ये प्रा. यशपाल यांच्या समितीने दप्तराच्या ओझ्याचा विचार करताना स्पष्ट बजावले, की पाठीवरच्या ओझ्यापेक्षा न समजण्याचे ओझे अधिक घातक आहे. या गोष्टीस तीन दशके उलटली. दप्तरांची वजने मोजण्याचे आदेश निघाले. न समजण्याचे वजन करणारा काटा मात्र अजून कोणत्याही शाळेत बसलेला नाही.

आणि तो बसेपर्यंत बदलीच्या मुलाने थांबावे काय? इतर मुलांना निदान एवढे भाग्य असते, की एखादा शिक्षक त्यांना चार-पाच वर्षे सलग ओळखतो. हा मुलगा अपूर्णांकांत कच्चा राहिला म्हणून आता गुणोत्तरात अडखळतो, हे त्याच्या ध्यानात राहते. आपल्या मुलाला तसा शिक्षक लाभत नाही. नव्या शाळेला त्याचे प्रगतिपुस्तक मिळते, त्याची समज मिळत नाही. गावोगाव त्याच्याबरोबर जाणारे सामान तपासले, तर त्यात पेट्या, पलंग, शीतकपाट आणि आईबाप एवढेच आढळते. तेव्हा त्याच्या समजेची अखंड नोंद ठेवणारे दुसरे कोणी नाहीच. आपल्याखेरीज.

याचा अर्थ आपण घरी दुसरी शाळा उघडावी असा नाही; ते तर संकटावर संकट होईल. उलट प्रश्नपत्रिकेत न येणारे प्रश्न विचारावे. सकाळी स्वयंपाकघरात स्टीलची पळी आणि लाकडी लाटणे मुलाच्या हाती द्यावे आणि अधिक थंड कोणते ते विचारावे. तो पळी म्हणेल. रात्रभर दोन्ही एकाच खोलीत होती, मग एक थंड आणि एक कमी थंड कसे झाले, असे पुढे विचारून गप्प बसावे. तापमान आणि उष्णता यांच्या व्याख्या त्याला पाठ आहेत; त्या दोन्हींचे तापमान एकच आहे आणि धातू हाताची उष्णता झपाट्याने ओढून घेतो एवढेच वेगळे आहे, येथवर त्याला स्वतः येऊ द्यावे. दोन दिवस लागले तरी चालतील. उत्तर सांगण्याची घाई हा आपला, अधिकारी मंडळींचा, जुना रोग आहे. मूल चुकले तर त्याला ‘चूक’ असा शेरा देऊन निकाली काढू नये. ‘असे तुला का वाटले?’ म्हणून विचारावे. चुकीच्या उत्तरामागे बहुधा एक विचार असतो, आणि पाठ केलेल्या बरोबर उत्तरामागे पुष्कळदा एकही नसतो.

मंडळांनाही यात कर्तव्य आहे. पाठांतराच्या स्पर्धा चालू राहाव्यात, श्लोकांनी जीभ वळते. पण वर्षातून चार रविवार मुलांना मराठीत ‘का’ विचारू द्यावे. आपल्या सभासदांत अभियंते आहेत, डॉक्टर आहेत, हवामान खात्यातले, रेल्वेतले, लेखा विभागातले लोक आहेत. रुळांमध्ये फट का ठेवतात, पावसाचा अंदाज का चुकतो, अंदाजपत्रकात तूट असूनही सरकार चालते कसे, हे त्यांनी मुलांना भाषण न करता, मुलांशी वाद घालून सांगावे. इंग्रजी नावे येतील, येऊ द्यावी. ‘पण’ आणि ‘म्हणून’ मराठीत आले म्हणजे पुरे.

परप्रांतात मराठी टिकेल की नाही, याविषयी आपण अधूनमधून ठराव करतो. ठरावांनी भाषा टिकत नाही. जी भाषा मुलाला विचार करण्याच्या कामी येते ती त्याच्याबरोबर जन्मभर राहते, आणि जी केवळ आरती म्हणण्याच्या कामी येते ती आरतीबरोबर संपते. मुलाची समज आणि आपली मराठी ही दोन निरनिराळी प्रकरणे आहेत असे धरून आपण इतकी वर्षे दोन फायली चालविल्या. फाईल एकच आहे. तिच्यातले गहाळ कागद शोधण्याची जबाबदारी कोणत्या विभागाची, यावर शेरे मारीत बसण्यास आता वेळ नाही. पुढच्या बदलीचा हुकूम केव्हाही येईल आणि मुलाचे वय त्याच्या मुदतीसाठी थांबणार नाही.